गोधडीच्या काठाला लाटा येतात आणि कोपऱ्यात नक्षी तुटते, त्यावर काय करायचं

थंडी जवळ आली की गोधड्यांची कामं निघतात आणि मग तोच प्रश्न फिरून फिरून येतो. मधलं अंग छान झालंय, तुकडे मापात बसलेत, आणि काठ लावला की सगळं बिघडलं. जमिनीवर पसरली तर मधे सपाट आणि कडेला वरखाली वरखाली. नाहीतर काठावरचे त्रिकोण तीन कोपऱ्यांत बरोब्बर येतात आणि चौथ्यात अर्धाच त्रिकोण उरतो, मग तिथे एखादं पान-फूल लावून वेळ मारून नेतात. दोष कुणी मशीनला देतं, कुणी दोऱ्याला, कुणी कापडाला. मला विचाराल तर काठ बिघडतो तो बहुतेक वेळा कात्री लावायच्या आधीच, कारण आपण गोधडी आधी पुरी करतो आणि मग जी कड उरेल तिला काठ बसवत बसतो. हे उलटं करायला हवं. काठाचं माप आणि नक्षीचा आकडा आधी ठरवायचा, मधल्या अंगाने त्याला जुळवून घ्यायचं.

आधी बिघाड कुठला आहे ते बघा, कारण दिसायला सगळे सारखेच दिसतात पण उपाय वेगवेगळे आहेत.

गोधडी साध्या फरशीवर पसरा, सतरंजीवर नको, आणि हाताने न ओढता बघा. कडेला लाटा आणि मधे सपाट असेल तर काठ अंगापेक्षा लांब झालाय. कड जमिनीला चिकटलेली आणि मधे फुगा असेल तर काठ आखूड पडलाय, किंवा धुतल्यावर आटलाय. शिवली तेव्हा ठीक होती आणि पहिल्या धुण्यानंतर बिघडली असेल तर आटणं किंवा टाक्यांची दाटी, दोन्हीपैकी एक. आणि त्रास एकाच कोपऱ्यात असेल तर टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. दोन मापांत पाऊण-एक इंचाचा फरक निघाला तर अंगच तिरकं झालंय, काठाला बोल लावून उपयोग नाही, आधी अंग सरळ कापून घ्या.

आता लाटा. हा सगळ्यात जास्त येणारा त्रास, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कापड विणताना उभे धागे मागावर ताणून बसवलेले असतात म्हणून कापड त्या दिशेला फारसं ताणत नाही. आडव्या दिशेला थोडं जास्त ताणतं आणि तिरकं म्हणजे उरेब धरलं की भरपूर. गोधडीच्या मधल्या भागाला चारी बाजूंनी शिवणींचा आधार असतो, कडेच्या तुकड्यांना एका बाजूने काहीच आधार नसतो, त्यामुळे उचलताना, इस्त्री करताना, घडी घालताना सगळ्यात आधी कडच ताणते. मधे माप घेतलं तर ९० इंच भरतं आणि त्याच गोधडीच्या कडेला टेप लावला तर ९१, कधी साडे९१. आणि आपण काय करतो, काठाची लांब पट्टी त्या ताणलेल्या कडेवर ठेवतो, शिवत शिवत जातो आणि शेवटी उरलेली कापून टाकतो. म्हणजे जो दीड इंच खोटा होता तो आपण काठात कायमचा पक्का करून टाकला. लाटा तिथेच जन्मल्या.

म्हणून माप कडेला घ्यायचंच नाही. अंगाच्या बरोब्बर मधून एक, आणि दोन्ही बाजूंना मध्य आणि कड यांच्या अर्ध्यावर एकेक, अशी तीन मापं घ्या. तिन्ही जवळपास सारखी असतील तर मधलं माप धरा, थोडा फरक असेल तर सरासरी काढा. काठाच्या समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापायच्या, दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच कापल्या तर उत्तम. मग पट्टी दुमडून तिचा मध्य काढा, परत दुमडून पाव भाग काढा, चिमटीने घडी दाबली तरी खूण उठते. अंगाच्या कडेवरही तशाच खुणा करा. आधी दोन्ही टोकं, मग मध्य, मग पाव भाग अशा टाचण्या लावा आणि मधला जो काही फुगवटा उरतो तो टाचण्यांमधे सारखा वाटून द्या. मशीनवर घालताना जो थर सैल आहे तो खाली ठेवायचा. मशीनचे खालचे दाते खालचं कापड जरा जास्त आत घेतात त्यामुळे सैलपणा चुण्या न पडता जिरून जातो. हाताने शिवत असाल तर उलटं, सैल थर वर, म्हणजे अंगठ्याने सारत सारत जाता येतं.

लांबीच्या दोन बाजू लावून झाल्या की मगच रुंदीचं माप घ्यायचं, नव्या काठासकट, आणि तेही मधूनच. चारही पट्ट्या एकदम कापून ठेवणाऱ्या खूप जणी आहेत. कोपऱ्यात वेगळा चौकोन टाकणार असाल तर ते चालतं, नाहीतर नाही.

किती फरक जिरतो? साठ-सत्तर इंचाच्या बाजूवर अर्धा इंच सहज जिरतो. इंचाच्या वर गेला की चुण्या पडणार. मग काठ मोठा करण्यापेक्षा अंगाच्या एकदोन शिवणी जराशा आत घ्या आणि अंग मापात आणा.

काठ लावून झालाय आणि लाटा दिसताहेत, पण अजून धावदोरा घातलेला नाही, अशी वेळ असेल तर सगळं उसवू नका. फक्त ती बाजू उसवा, मधून मोजा, जास्तीचं कापा, परत लावा. धावदोराही झाला असेल आणि लाटा बारीक असतील तर एक जुना उपाय चालतो, पण फक्त सुतीवर. काठाच्या अगदी बाहेरच्या कडेने मजबूत दोऱ्याने कच्चा टाका घाला, दोरा किंचित ओढून कड मापात आणा, पाण्याचा शिपका मारा आणि गरम इस्त्री वरून फक्त दाबा. इस्त्री फिरवायची नाही, फिरवली की परत ताणतं. वाळल्यावर गोट, म्हणजे कडेवरून दुमडून घ्यायची पट्टी, लावून टाका म्हणजे ते माप तिथेच बसतं. मोठ्या लाटा मात्र याने जात नाहीत, उगाच आशा लावून घेऊ नका.

त्रिकोणांचा काठ, म्हणजे विदर्भातल्या करवतकाठी लुगड्यांवर असतात तसे दात, हा दिसायला सगळ्यात सुंदर आणि लाटांच्या बाबतीत सगळ्यात लबाड. त्रिकोणाची एक तरी बाजू तिरक्या धाग्यावर येणारच. ती बाहेरच्या कडेला आली की काठ ताणणार म्हणजे ताणणार, तुम्ही कितीही जपून शिवा. त्रिकोणाच्या काटकोनाच्या बाजू गोधडीच्या कडेला समांतर येत असतील, तर चौकोन सरळ धाग्यावर कापून त्याचे तिरके दोन भाग करा, उरेब बाजू आतल्या शिवणीत जाते. आणि त्रिकोणाची लांब बाजू कडेला येत असेल, डोंगरासारखी रांग दिसते ती, तर मोठा चौकोन कापून त्याचे दोन्ही कर्णांवर चार भाग करा म्हणजे लांब बाजू सरळ धाग्यावर येते. मापं अशी, पाव इंच शिवण धरून: पहिल्या प्रकारात तयार मापापेक्षा चौकोन सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोठा, म्हणजे दोन इंचाचा दात हवा तर तीन इंचाला एक सूत कमी इतका चौकोन कापायचा. दुसऱ्या प्रकारात तयार लांब बाजूपेक्षा सव्वा इंच मोठा. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत, कारण यात गल्लत झाली की प्रत्येक दातात एक-दोन सूत फरक पडतो आणि तीस दातांनंतर तो काही इंचांत दिसतो. मग लोक म्हणतात कोपरा जुळत नाही.

कोपऱ्यात नक्षी तुटते ती का, तर भागाकार केलेला नसतो. इतकंच कारण. नक्षीचा एक घास म्हणजे एक पुनरावृत्ती किती इंचाची आहे ते बघा आणि त्या आकड्याने लांबी आणि रुंदी दोन्हींना निःशेष भाग जातो का ते बघा. ६० बाय ९० च्या अंगाला ६ इंचाची नक्षी घेतली तर रुंदीत १० आणि लांबीत १५ बसतात, कोपऱ्यात काठाच्या रुंदीचा चौकोन टाकला की काम झालं. पण प्रत्यक्षात अंग कधी ६० बाय ९० भरत नाही, ते भरतं साडे५७ बाय ८६. इथे दोन रस्ते आहेत. एक, नक्षी ओढाताण करून बसवायची. दुसरा, आणि मी कायम हाच सांगते, अंग आणि नक्षीचा काठ यांच्यामधे एक साधी पट्टी घालायची जी फरक खाऊन टाकते. रुंदीत अडीच इंच कमी आहेत म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच, लांबीत चार कमी आहेत म्हणजे वर-खाली दोन-दोन इंच. कापताना प्रत्येक पट्टीत अर्धा इंच शिवणीचा वाढवायचा, म्हणजे पावणेदोन आणि अडीच. उभ्या आणि आडव्या पट्टीची रुंदी वेगळी दिसेल म्हणून घाबरू नका, अंगातल्याच एखाद्या गडद रंगाची पट्टी घेतली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट नक्षीला उठाव येतो. सगळी मापं तयार मापं धरायची, शिवणीसकट नाही. अंगाच्या बाहेरच्या कडेलाही शिवण जाणार आहे, ते पाव-पाव इंच आधी वजा करा, हे विसरलं जातं हमखास.

फरक अगदी थोडा असेल तर मधल्या पट्टीचीही गरज नाही. ६० च्या जागी ६१ भरले तर एक इंच दहा नक्षींत वाटा, प्रत्येकी एक सूतसुद्धा होत नाही, हाताच्या कामात ते दिसत नाही. प्रत्येक नक्षीमागे पाव इंचाच्या वर गेलं की मात्र डोळ्याला खटकतं.

ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी दुकानातल्या बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणावा, स्वस्त मिळतो. काठाच्या तयार लांबीएवढा तुकडा फाडा, दुमडून अर्धा, परत अर्धा, परत अर्धा, आठ भाग झाले. प्रत्येक घडीत एक नक्षी काढा. स्केलही लागत नाही. १० किंवा १५ भाग हवे असतील तर दुमडून जमत नाही, तिथे मोजावंच लागतं. पण नक्षी अजून ठरलेली नसेल तर ८ किंवा १६ ची ठरवा ना, कोण अडवतंय.

वेलीच्या काठाचं गणित थोडं वेगळं. वेल लाटेसारखी वळते म्हणून पूर्ण लाटा मोजायच्या, एक बाहेरचं वळण आणि एक आतलं वळण मिळून एक. चारही कोपऱ्यांत वेल बाहेरच्या बाजूनेच वळायला हवी असेल तर कोपऱ्याच्या मध्यापासून पुढच्या कोपऱ्याच्या मध्यापर्यंत पूर्ण लाटाच बसल्या पाहिजेत. अर्धी लाट उरली की एका कोपऱ्यात वेल बाहेरून आणि पुढच्यात आतून वळते, आणि मग कितीही पानं लावा, ते वाकडंच दिसतं. वेलीचं देठ उरेब पट्टीचंच करा, ४५ अंशात कापलेलं. सरळ पट्टी वळणावर चुणी मारते.

दातांना किंवा पानांना दिशा असेल, म्हणजे सगळी उजवीकडे झुकलेली असतील, तर कोपऱ्यावर काय होणार ते आधीच ठरवा. एक तर सगळी एकामागोमाग गोल फिरू द्या, नाहीतर प्रत्येक बाजूच्या मधोमध दिशा उलटी करा म्हणजे चारही कोपरे सारखे होतात. दुसऱ्या पद्धतीत मधे एक वेगळं फूल टाकावं लागतं आणि दोन्हीकडे सारखी संख्या लागते. मला स्वतःला पहिली आवडते, गोधडीला जरा चाल येते.

आता साडीचे काठ. हल्ली सगळ्यांनाच आईच्या, आजीच्या साडीचे काठ गोधडीला लावायचे असतात, आणि बिघडलेल्या काठांत हे प्रकरण मोठं आहे. इरकली घ्या. बऱ्याच जुन्या इरकलींचं अंग सुती आणि काठ रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा, दाट विणलेला. सुती अंग धुतल्यावर जेवढं आटतं तेवढा तो काठ आटत नाही. जुनी, अनेकदा धुतलेली साडी असेल तर दोघांचं आटणं होऊन गेलेलं असतं, मग भीती कमी. पण असा काठ नव्या सुती अंगाला लावलात तर पहिल्याच धुण्यात अंग आटणार, काठ नाही आटणार, आणि लाटा हजर. तसंच काठाची अगदी बाहेरची किनार जास्त घट्ट विणलेली असते, ती आत खेचते. ती कापून टाका, किंवा शिवणीत जात असेल तर दर दोन-तीन इंचांवर बारीक चिरा द्या, शिवणीच्या पलीकडे जाऊ न देता. आणि काठ साडीपासून सोडवताना काठाला लागून कापू नका, अर्धा इंच अंगाचं कापड काठाबरोबर राहू द्या, शिवण त्यात घ्या. रेशमी काठात थेट शिवण घेतली की धागे सरकतात आणि काही महिन्यांत शिवण उघडी पडते.

हातमागाच्या काठावर नक्षीचं माप टेपने धरून चालत नाही. नारळी काठातले नारळ मोजलेत तर दहा नारळांची लांबी साडीच्या एका टोकाला वेगळी आणि दुसऱ्या टोकाला वेगळी भरू शकते, विणकराचा हात जरा जोरात जरा हलका पडलेला असतो. म्हणून इंच सोडा, नारळ मोजा. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना सारख्या संख्येचे नारळ घ्या आणि इंचातला जो थोडा फरक येईल तो मधल्या साध्या पट्टीत जिरवा.

कोपरा दुमडून ४५ अंशात जोडायचा असेल तर घडी नक्षीच्या नेमक्या कुठल्या जागी येते यावर सगळं सौंदर्य आहे. यासाठी आरसा घ्या, साधा चौकोनी, बिनचौकटीचा, पर्समधला चालेल. काठाची पट्टी टेबलावर सपाट ठेवा आणि आरसा त्यावर ४५ अंशात उभा धरा. आरशात जे दिसतं तोच तुमचा कोपरा. आता आरसा पट्टीवरून हळूहळू सरकवा. एका जागी नारळ मधोमध कापला जाऊन बदामासारखा विचित्र आकार होतो, जरा पुढे सरकवलं की दोन नारळ एकमेकांकडे झुकतात आणि मधे रिकामी जागा राहते, अजून थोडं पुढे गेलं की रिकाम्या जागेत कमळासारखं काहीतरी उमलतं. हवी ती जागा सापडली की खडूने आरशाच्या कडेने रेघ मारा. चारही कोपरे त्याच जागी कापायचे. यासाठी काठाची प्रत्येक पट्टी अंगाची लांबी अधिक काठाच्या रुंदीची दुप्पट, आणि वर किमान एका पूर्ण नक्षीएवढी सुट इतकी लांब लागते, म्हणून साडी फाडायच्या आधी हिशोब करा. जरीवर इस्त्री करायचीच असेल तर वर सुती फडकं टाकून, कमी तापवून.

फुगा मधे असेल तर त्याची दोन कारणं मला दिसतात. एक आटणं. अंग जुन्या लुगड्यांचं आणि काठ नव्या कापडाचा, हा आपल्याकडचा नेहमीचा मेळ. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचाला तीन ते पाच इंच सहज आटतं, मांजरपाट तर खळीने भरलेला असतो, तो त्याहून जास्तही आटेल. काठाचं कापड आणि खालचं अस्तर दोन्ही आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवा, धुवा, खळ जाऊ द्या, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. लाल, मरून, गडद निळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून इस्त्री करून बघा. फडकं रंगलं तर ते कापड काठाला नको. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात, पण रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग घरच्या मिठाने थांबत नाही.

दुसरं कारण धावदोऱ्याचा क्रम. आमच्याकडे गोधडी बाहेरून आत शिवतात, काठापासून सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्याकडे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात त्याही कडेपासूनच सुरू करून आत आत येतात, आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं लावतात. या पद्धतीत काठ कधी लाटा मारत नाही कारण तो पहिल्यांदा पक्का होतो, पण थरांमधला सगळा सैलपणा सरकत सरकत मधे जाऊन साचतो. म्हणून धावदोऱ्याआधी सगळ्या थरांना मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घाला, चार-पाच इंचांवर, हाताने साफ करत करत. ते केलं असेल तर मग धावदोरा बाहेरून घाला नाहीतर आतून, फुगा येत नाही. नऊवारी लुगडं चार पदरी केलं की पावणेसात फूट लांबी होते, तेवढ्या लांबीत प्रत्येक थराने एकेक बोटाचा सैलपणा धरला तरी मधे मूठभर कापड गोळा होतं.

टाक्यांची दाटीही बघा. अंगावर अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी आणि काठावर नक्षी दिसावी म्हणून दोन-तीन इंच मोकळे सोडलेत, तर दाट टाक्यांनी अंग आखडतं आणि मोकळा काठ सैल पडून लाटा मारतो. माप बरोबर असूनही. उपाय सोपा आहे, काठावर ओळी वाढवा. नक्षीच्या मधून नको वाटत असेल तर नक्षीच्या कडेकडेने घाला, मागची मोकळी जागा भरा. दोरा ओढू मात्र नका, प्रत्येक दोऱ्यानंतर कापड तळहाताने एकदा सारखं करून मगच पुढचा टाका.

काठाची रुंदी विचारतात म्हणून सांगते, एका माणसाच्या गोधडीला ४ ते ६ इंच बरी दिसते, बाळाच्या ३६ इंची दुपट्याला २ ते अडीच पुरे. दुपट्याला आरसे, मणी, टोचरी जरी लावू नका. गोट अडीच इंच कापून दुहेरी घालायचा, कड तिथेच आधी झिजते.

आणि आतले थर काठाच्या घडीपर्यंत नेऊ नका, अर्धा इंच आधी थांबवा. तीन-चार लुगड्यांच्या कडा एकाच जागी आल्या की तिथे जाड वळ उठतो, सुई जात नाही, आणि काठ त्या वळावर बसून कायम उचललेला दिसतो.

हे सगळं करून सपाट झालेली गोधडी धुतल्यावर परत बिघडते ती वाळत घालताना. पाणी प्यालेली गोधडी भलतीच जड होते. ती एका काठाला चिमटे लावून टांगली की सगळा भार त्या काठावर येतो आणि तो ताणून वाळतो. पिळू नका, बादलीवर निथळू द्या, मग दोन समांतर दोऱ्यांवर आडवी पसरा नाहीतर गच्चीवर स्वच्छ चादर टाकून त्यावर, आणि ओली असतानाच चारही काठ हाताने सरळ करून घ्या.